माळाचं वय

उन्हाळ्यात नगरहून कर्जतकडे निघालं की दोन्ही अंगांना पिवळा, भकास माळ दिसतो आणि गाडीतलं कुणीतरी म्हणतंच, ‘पूर्वी इथं किर्र रान असणार, माणसानं तोडलं.’ बरीच वर्षं हे म्हणणारा मीच असायचो. कॉलेजात असताना त्याच भरात आम्ही पोरांनी एका माळावर झाडं लावायला खड्डेही घेतले होते.

पण पूर्वी इथं काय उगवत होतं, हे सांगायचं कुणी? झाडं काही बखर लिहीत नाहीत. श्रीरामपूर तालुक्यातल्या दायमाबादच्या उत्खननात तीन हजार वर्षांहून जुने जळके दाणे निघाले. त्यांवरून शिवारात काय पिकत होतं ते कळतं. गावाबाहेरच्या माळाबद्दल ते फारसं बोलत नाहीत.

आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या अभ्यासकांनी वेगळीच वाट धरली. जुनी मराठी चरित्रं, ओव्या, लोककथा उघडून त्यांतली झाडाझुडपांची नावं वेचली. २०२५ साली त्यांचा निष्कर्ष छापून आला. पश्चिम महाराष्ट्रातली ही गवताळ, काटेरी माळरानं निदान साडेसातशे वर्षं जुनी आहेत. नेवाशात ज्ञानेश्वरी झाली १२९० साली. म्हणजे माळ तेव्हाही होताच.

घरात पोथी नसेल तर एसटीच्या पाट्या वाचा. हिवरे बाजार. बाभळेश्वर. नेवासे तालुक्यातलं तरवडी, मुकुंदराव पाटलांच्या ‘दीनमित्र’ साप्ताहिकाचं गाव. हिवर, बाभूळ, तरवड, तिघांनाही लख्ख ऊन लागतं. दाट सावलीत ती धरत नाहीत. आता, दारातल्या एकट्या झाडावरूनही गावाला नाव पडतं, तेव्हा यावर पैज लावू नका. मी मात्र पाट्या वाचत जातो.

आणि कुसळी गवत? धोतराला अडकलेलं कुसळ काढून त्यावर पाण्याचा थेंब टाका. पीळ उलगडत ते हातावर गरगर फिरू लागतं. पहिल्या पावसात याच फिरकीनं त्याचं बी मातीत घुसतं. अशा गवतातच कर्जतजवळ रेहेकुरीची काळविटं राहतात. त्यांच्यासाठी १९८० साली अभयारण्य झालं. काळविटाला लांबवर नजर टाकता यावी लागते. झाडांची गर्दी त्याच्या कामाची नाही.

आमच्या खड्ड्यांतली रोपं दुसऱ्या उन्हाळ्यात वाळली. खड्डे अजून आहेत. त्यांत कुणी न लावलेला तरवड फुलतो.