टोळीबरोबर जाणारं आरोग्य

सन्माननीय कुलगुरू, विद्यापरिषदेचे सदस्य, गुरुजन, पालक आणि आज पदवी हाती घेणाऱ्या माझ्या तरुण सहकाऱ्यांनो,

सहकारी हा शब्द मी जाणूनबुजून वापरते आहे. आजपासून आपण एकाच कामावर आहोत. तुमचं मनापासून अभिनंदन. तुमच्या आईवडिलांचंही अभिनंदन, कारण या सभागृहातल्या कितीतरी पदव्यांच्या मागे विकलेली जमीन आहे, मोडलेले दागिने आहेत, हे मला ठाऊक आहे.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांची पहिली नेमणूक ग्रामीण भागात होईल. कुणी कोल्हापूर, सांगली, साताऱ्याकडे जाल, कुणी सोलापूरला. तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाल्यावर दिवाळीच्या आगेमागे तुमच्या हद्दीत अख्खं एक गाव येऊन उतरेल. त्या गावाचं नाव तुमच्या एकाही रजिस्टरात नसेल. त्या गावाविषयी आज बोलायचं आहे.

त्या गावातली माणसं म्हणजे ऊसतोड कामगार, बीडची, अहिल्यानगरची, जालना-परभणीची. कोरडवाहू जमीन, पावसाचा भरवसा नाही, गावात काम नाही. हंगामाआधी मजूर गोळा करणारा मुकादम उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, वाटतो. नवराबायको मिळून एक कोयता धरला जातो. उचल दोघांच्या मेहनतीवर मिळते, पण पैसे बहुधा नवऱ्याच्या हातात पडतात. मग ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडीकुंडी, धान्याची पोती, शेळ्या, लेकरं, एखादी म्हातारी असा सगळा संसार चढतो आणि साखर कारखान्याजवळच्या रानात कोप्या, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या, उभ्या राहतात.

तिथल्या बाईचा दिवस समजून घेतल्याशिवाय तिचा आजार समजत नाही. ती पहाटे तीन-चारला उठते, पाणी आणते, भाकरी थापते आणि अंधारातच उसाच्या फडात पोचते. नवरा ऊस तोडतो. ती पाचट काढते, मोळ्या बांधते, मोळी डोक्यावर घेऊन अरुंद फळीवरून गाडीत चढवते. गाडी रात्री आली तर रात्री भरायची. पोटात मूल असलं तरी भरायची. संडास नाही, आडोसा उसाचाच, आणि ऊस तुटत जातो तसा तोही जातो. पाळीच्या दिवसांत कापड धुवायला पाणी नाही, वाळत घालायला जागा नाही. एक दिवस बसलं की खाडा पडतो, आणि खाडा म्हणजे मजुरी तर गेलीच, वर दंड.

अंगावरून पांढरं जाणं, लघवीला जळजळ, कंबर धरणं या तक्रारी ती महिनोन् महिने अंगावर काढते. कारण तुमच्या बाह्यरुग्ण विभागाची वेळ आणि तिच्या फडाची वेळ एकच आहे. हंगाम संपून पट्टा पडला की ती गावी येते, जवळच्या शहरात एखाद्या खासगी दवाखान्यात जाते, आणि तिथे तिला सांगितलं जातं की पिशवी खराब झाली आहे, काढून टाक, नाहीतर कॅन्सर होईल. तिलाही वाटतं, पाळीची कटकट गेली तर खाडे तरी वाचतील. २०१९ साली हा प्रश्न राज्यासमोर आला, डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, बीड जिल्ह्यात पाहणी झाली. पाहणीतल्या ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली होती. साधारण सहा जणींमागे एक. त्यांत अगदी तरुण बायकाही होत्या. बीजकोशही काढले गेले असतील तर अकाली रजोनिवृत्ती येते, हाडं ठिसूळ होतात, हे तुम्ही परीक्षेत लिहून आला आहात. ती हाडं घेऊन ती पुढच्या हंगामात पुन्हा मोळी उचलते.

हा आकडा ऐकून पहिला राग डॉक्टरांवर येतो. तो यायलाच हवा, आणि तुम्ही आज शपथ घेताना तो मनात असावा. पण मला त्याहून जास्त अस्वस्थ करते ती वेगळीच गोष्ट. पहिल्या तक्रारीपासून शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत जी वर्षं गेली, त्या वर्षांत आपल्या एवढ्या मोठ्या आरोग्ययंत्रणेतलं एकही माणूस तिला भेटलं नाही. गावची आशाताई तिला ओळखते, पण वर्षातले पाच-सहा महिने ही गावात नाही. कारखान्याकडच्या आशाताईला तिची स्वतःची लोकसंख्या ठरवून दिलेली आहे आणि ही त्यात नाही. आपली सगळी यंत्रणा पत्त्यावर चालते. लसीकरणाची यादी पत्त्यावर निघते, गरोदर बाईची नोंद पत्त्यावर होते. क्षयाचा साधा उपचार सहा महिन्यांचा असतो आणि ऊसतोडीचा हंगामही जवळपास तेवढाच. दसऱ्याला गोळ्या सुरू झालेला माणूस दिवाळीनंतर कुठे असेल? नोंद संगणकावर हलवता येते, औषध कोणत्याही सरकारी केंद्रात मिळू शकतं, हे खरं आहे. पण हे त्या माणसाला कोपीत बसून सांगणारं कुणीतरी लागतं. सांगणारं माणूस त्याच्याबरोबरच स्थलांतर करणारं असेल तरच हे जमेल, असं माझं ठाम मत झालं आहे.

हे मत काही माझ्या डोक्यातून निघालेलं नाही. १९७१ साली पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले. छावण्यांत पटकी पसरली. पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या रुग्णालयात खोल्यांमधून जमिनीवरच रुग्ण पडलेले, उलट्या-जुलाबांतून वाट काढत डॉक्टर त्यांच्यापर्यंत पोचत होते, आणि शिरेतून द्यायचं सलाईन संपत आलं होतं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी तेव्हा एक निर्णय घेतला. मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज यांच्या पुड्या कोलकात्यात तयार करून घेतल्या, मोठ्या पिंपांत पाण्यात मिसळल्या आणि ते पाणी तोंडाने पाजायला सुरुवात केली. छावणीतल्या पटकीच्या रुग्णांमधलं मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ३.६ टक्क्यांवर आलं. ओआरएसची ही गोष्ट तुम्ही वर्गात ऐकली असेल. पण ते पाणी पाजलं कुणी, हे वर्गात फारसं कुणी सांगत नाही. पाजलं आयांनी, भावांनी, शेजाऱ्यांनी. स्वतः सगळं गमावून आलेल्या निर्वासितांनीच पिंपाच्या नळाखाली भांडं धरलं आणि आपल्या माणसाच्या तोंडाला लावलं. प्रशिक्षित हात पुरत नव्हते, म्हणून डॉक्टरांनी उपचार लोकांच्या हाती दिला. त्या काळी अनेक जाणकारांना तो अविचार वाटत होता. पाठ्यपुस्तक बाजूला ठेवून सामान्य बाईवर विश्वास टाकायला धैर्य लागतं, आणि ते महालनबीसांकडे होतं. २०२२ मध्ये ते गेले. पुढच्या वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं.

थायलंडच्या सीमेवर मे सोट नावाचं गाव आहे. म्यानमारमध्ये १९८८ चं आंदोलन चिरडलं गेलं तेव्हा डॉ. सिंथिया माऊंग ही करेन समाजातली तरुण डॉक्टर जंगलातून पायी सीमा ओलांडून तिथे पोचली. १९८९ मध्ये तिने दवाखाना सुरू केला. सुरुवातीला शस्त्रक्रियेची हत्यारं भात शिजवायच्या कुकरमध्ये उकळून घेतली जात. ती स्वतः निर्वासित, तिचे रुग्ण निर्वासित किंवा कागदपत्रं नसलेले मजूर, आणि आरोग्यसेवकही त्यांच्यातलेच. १९९८ पासून असे आरोग्यसेवक पाठीवर औषधांची पिशवी बांधून सीमेपलीकडच्या विस्थापित वस्त्यांमध्ये जाऊ लागले. वस्ती पळाली की तेही तिच्याबरोबर पळत. सिंथियांना २००२ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

आणि एवढं लांब कशाला जायचं? बीडला लागून असलेल्या जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे १९७० साली आले. गावोगावी प्रशिक्षित नर्सताई नेमून पाहिल्या, पण परक्या बाईवर गावाचा भरवसा बसेना. मग त्यांनी गावातल्याच बायका निवडल्या, कितीतरी निरक्षर, कितीतरी दलित, आणि त्यांना शिकवलं. त्या बायकांनी बाळंतपणं केली, लेकरांचे जुलाब थांबवले. ज्या पट्ट्यातून आज ऊसतोडीच्या टोळ्या निघतात तिथेच हे घडून गेलं आहे. फक्त आपण ते गावाच्या वेशीपर्यंतच नेलं. वेशीबाहेर पडणाऱ्या टोळीबरोबर नेलं नाही.

इथे एक सावधगिरीची सूचना द्यायची आहे. टोळीत शिरताना यंत्रणा पहिल्यांदा मुकादमाला शोधते. सोयीचं असतं ते. एका माणसाशी बोललं की पन्नास माणसं गोळा होतात. मुकादमाशी बोलावंच लागेल, त्याच्याशिवाय शिबिराला माणसं येणार नाहीत, आणि पदरमोड करून मजुराला दवाखान्यात नेणारे मुकादमही मी पाहिले आहेत. पण ज्याच्या वहीत तिची उचल लिहिलेली आहे, त्याच्यासमोर कुठलीही बाई अंगावरून जाण्याची गोष्ट काढणार नाही. तिच्या दुखण्यावर सुट्टी हाच उपाय असला, तर तो सुचवणारा माणूस सुट्टीचा दंड लावणारा असून चालेल कसा? म्हणून आरोग्याच्या कामासाठी टोळीतलं माणूस निवडताना खुर्चीवर कोण बसलं आहे ते पाहू नका. रात्री पोट दुखायला लागलं तर बायका कुणाच्या कोपीची ताडपत्री हलवतात ते पाहा.

अलीकडे बीडच्या काही टोळ्यांतल्या अशा बायकांना प्रथमोपचाराचं शिक्षण आणि औषधांची पेटी देऊन 'आरोग्य साथी' म्हणून उभं केलं गेलं. स्वतः कोयता घेऊन फडात राबणाऱ्या या बायका. त्यांचं काम जवळून पाहिलं तर तुमच्या माझ्यासारख्यांना बरंच शिकता येतं. पाचटाने हात चिरले, कोयता निसटून नडगीला लागला, की ती आधी स्वच्छ पाण्याने जखम धुते, दाबून धरते, पट्टी बांधते आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनासाठी केंद्रावर पाठवते. जखमेवर हळद किंवा मातीचा थर पूर्वी बसायचा, तो आता बसत नाही. दुसरं काम अधिक नाजूक आहे. मोळ्या बांधता बांधता ती शेजारणीला हळूच विचारते, "किती दिस झालं गं? वास येतो का? खाज सुटती का?" शेजारीण सांगते, आणि वर बजावते, "अक्का, आमच्या म्हातारीला कळू देऊ नगंस." हे प्रश्न तुम्ही टेबलापलीकडून विचाराल तेव्हा ती खाली बघत "काही नाही" म्हणेल. अक्काला ती सगळं सांगते.

मग अक्का तिला चिठ्ठी देते आणि तुमच्याकडे पाठवते. अक्षर वेडंवाकडं असेल, शब्द अशुद्ध असतील. एका केंद्रावर अशी चिठ्ठी घेऊन आलेल्या बाईला मी पाहिलं आहे. टेबलामागच्या माणसाने चिठ्ठी उलटसुलट केली, "ही कोण लागून गेली?" म्हटलं आणि बाजूला टाकली. ती बाई रांगेतून निघून गेली. एक दिवसाचा खाडा घेऊन आली होती ती. त्या एका वाक्याने फडातल्या अक्काची सगळी पत गेली. दुसऱ्या कोणत्या बाईला ती आता केंद्रावर पाठवू शकणार होती?

तुमच्या हातात काय आहे, असं मला विचाराल तर ते हे आहे. त्या चिठ्ठीवरची व्यक्ती तुमच्या यंत्रणेचा भाग आहे असं माना. चिठ्ठी आली की रुग्णाला तपासा, आणि मागच्या बाजूला दोन ओळी लिहून ती परत पाठवा, म्हणजे अक्काला कळेल की पुढे काय करायचं. आठवड्यातून एक संध्याकाळ कोप्यांवर जा, सकाळी तिथे म्हातारी माणसं आणि कडेवरची लेकरं सोडून कुणी भेटणार नाही. पिशवी काढायचा सल्ला मिळालेली बाई तुमच्याकडे आली तर तिला घाबरवू नका. नीट तपासा, जंतुसंसर्गाचा साधा इलाज आधी करा, नवऱ्यालाही बोलवा, आणि कॅन्सरच्या धाकाचा खरेखोटेपणा समजावून सांगा.

आणि आरोग्य साथीला तिच्या कामाचा मोबदला मिळालाच पाहिजे. हे मी स्पष्ट बोलते, कारण सेवाभाव, समाजकार्य, नारीशक्ती असे शब्द वापरून गरीब बाईकडून फुकट काम करून घेण्याची आपल्याला सवय लागली आहे. जखमेवर पट्टी बांधायला तिने अर्धा तास दिला तर तेवढ्या मोळ्या तिच्या कमी भरतात. आशाताईंना स्वतःच्या मानधनासाठी पुन्हा पुन्हा रस्त्यावर यावं लागलं, ते आपण पाहिलं आहे. आरोग्य साथीवर ती वेळ येऊ नये. ती जिथे राबते त्या साखरेतून कारखान्यांना उत्पन्न मिळतं, शासनाला कर मिळतो. तिच्या कामाचे पैसे त्यातून काढणं अवघड नाही. तुम्ही अधिकारी व्हाल, समित्यांवर जाल, अंदाजपत्रकाच्या कागदावर सही कराल, तेव्हा ही ओळ त्यात आहे की नाही ते तपासून पाहा.

ऊसतोड कामगारांच्या स्थितीची २०२३ साली मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचं महामंडळ आहे, मुलांसाठी वसतिगृहांची योजना आहे. त्यांचा उपयोग करून घ्या, अर्ज भरायला मदत करा. पण कागद फडापर्यंत पोचतो तो कुणाच्या तरी पायांनी.

कारखान्याच्या शेतकी खात्यात कोणती टोळी कोणत्या गावात उतरली आहे याची नोंद असते, आणि फडांवर फिरणाऱ्या चिटबॉयला तर प्रत्येक फड पाठ असतो. गाळप सुरू झालं की पहिल्या आठवड्यात तिथून यादी घ्या. दिवस मावळल्यावर कोप्यांवर जा, चुलीपाशी बसा, चहा दिला तर घ्या. लेकरू तापलं तर आधी कुणाला हाक मारता, असं दोन-चार कोप्यांत विचारा. ज्या बाईचं नाव पुन्हा पुन्हा येईल तिच्याकडे जा, तुमचा मोबाइल नंबर तिला द्या आणि तिचा तुमच्याकडे लिहून घ्या.