खांबापासून खांबापर्यंत

अमेरिकेच्या व्हरमाँट राज्यात मिडलबरी नावाचं एक लहानसं गाव आहे. तिथल्या कॉलेजच्या मुलींनी २०२२ साली आईस हॉकीच्या हंगामातले सगळेच्या सगळे २७ सामने जिंकले आणि विजेतेपद पटकावलं. हा संघ तिथल्या महाविद्यालयीन खेळांतल्या तिसऱ्या श्रेणीचा. या श्रेणीत नुसत्या खेळाच्या जोरावर शिष्यवृत्ती देता येत नाही. तरीही तिची आईस हॉकीची राष्ट्रीय स्पर्धा स्वतंत्र आहे, मुलांची १९८४ पासून आणि मुलींची २००२ पासून. लहान कॉलेजं आपल्या जोडीच्या कॉलेजांशी हंगामभर खेळतात, आणि त्यांच्यातलंच एक विजेतं ठरतं.

इकडे परंडा तालुक्यातल्या सोनारीत आईस हॉकीसाठी बर्फ कुठला! पण भैरवनाथाच्या या गावात काय किंवा धाराशिव जिल्ह्यात कुठेही काय, दोन खांब रोवून पाटी आखली की खो-खोचा डाव मांडता येतो.

आठ जणी पाटीवर बसतात, एकीचं तोंड इकडे, तर शेजारणीचं तिकडे. नववी पाठलाग करते. तिला धावता धावता मागे फिरता येत नाही, की मधली पाटी ओलांडता येत नाही. पळणारीला मात्र दोन्ही मोकळं. म्हणूनच वेळेवर दिलेल्या खोला इतकी किंमत. पळणारी हूल देते, साखळी धरून मिनिटं काढते, आणि खांबाजवळ एखादा सूर तिला टिपतो. पैसा लागत नाही, पण दम आणि डोकं दोन्ही लागतं.

याच जिल्ह्यातली खो-खोपटू सारिका काळे. घरची परिस्थिती अशी, की कित्येक वर्षं तिला दिवसातून एकदाच पोटभर जेवण मिळे. २०१६ साली गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत तिच्या नेतृत्वाखाली भारतीय महिलांनी सुवर्णपदक जिंकलं. २०२० साली तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. पुढे जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. अंतिम सामन्यात भारताच्या मुलींनी नेपाळला ७८-४० असं हरवलं. त्या संघात धाराशिवची अश्विनी शिंदे होती.

आता सोनारीहून परंड्याला कॉलेजात जाणारी एखादी मुलगी डोळ्यांसमोर आणा. तिची वाट आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेपासून सुरू होते. तिथून विद्यापीठाचा संघ, मग पश्चिम विभाग, मग अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धा. पण पहिल्याच पायरीवर स्पर्धा बहुधा बाद पद्धतीची असते. समोर जिल्ह्याच्या ठिकाणचा, वर्षभर सराव केलेला संघ आला, की एका सकाळीच तिचा हंगाम संपतो. एवढ्यात कुणाचं कसब दिसणार, आणि कुणाचं वाढणार?

मिडलबरीकडून घ्यायची गोष्ट ही. परंडा, भूम, वाशी, कळंब इथल्या कॉलेजांनी दिवाळीनंतर आपापसात साखळी सामने सुरू करावेत, एकदा आपल्या मैदानावर, एकदा त्यांच्या. पाय शाबूत राहतील असं सपाट मैदान हवं, शिट्टी घेऊन उभा राहणारा जाणता पंच हवा, येण्याजाण्याचं एसटीचं भाडं हवं. आणि सामना संपल्यावर दोन्ही संघांतल्या मुलींना एका पंगतीत बसवून पोटभर जेवण.