उसाच्या फडांतलें मूल

दिवाळीच्या सुमारास बारामती व इंदापूर तालुक्यांत उसाची तोडणी सुरू होते. बीडसारख्या जिल्ह्यांतून आलेल्या मजुरांच्या टोळ्या फडांजवळ कोप्या उभारतात. आईबाप पहाटेस कोयता घेऊन निघतात. तान्हें मूल पुष्कळदां बांधावर, सातआठ वर्षांच्या बहिणीच्या स्वाधीन असतें.

मूल केवळ दुधावर वाढत नाहीं. सुमारें दीड महिन्याचें होतांच तें माणसाचा चेहरा पाहून हसतें आणि परतीच्या हास्याची वाट पाहतें. सातआठ महिन्यांचें झालें कीं परक्याला बुजतें, आपलें माणूस शोधतें. हांकेला ओ देणारें तेंच माणूस रोज भेटलें, तर त्याचा जगावर विश्वास बसतो. आई किंवा तिच्या जागीं कायम असणारें माणूस, यांचा अखंड जिव्हाळा बालकास हवाच, असें जॉन बोल्बी यांनीं १९५१ सालीं जागतिक आरोग्य संघटनेसाठीं लिहिलेल्या अहवालांत बजावलें होतें.

ती बहीण जीव लावते. पण तीही बालकच, आणि तिची शाळा बुडते. १९४५ सालीं बोर्डीस काम आरंभून ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनीं बालवाडी मुलांच्या अंगणांत नेली. तसेंच फडाजवळ पाळणाघर हवें, आणि तेथें रोज तीच बाई हवी. आपल्या चहांतील साखरेवर त्या मुलांचें एवढें तरी ऋण आहे.