कंपनी विकली जाते, तेव्हा तुमच्या ईसॉपचं काय होतं?

आज विषय आहे वकिलांची एक परिषद. थांबा, लगेच स्किप करू नका. मी बीटेकवाला माणूस, रोज कोड लिहितो, तरी मला हा विषय आपल्या कामाचा वाटतो.

अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सला तुलेन विद्यापीठाचं लॉ स्कूल आहे. ते दरवर्षी ‘कॉर्पोरेट लॉ इन्स्टिट्यूट’ नावाची परिषद भरवतं. कंपन्यांची खरेदी-विक्री जुळवणारे मोठे वकील आणि बँकर तिथे जमतात, आणि डेलावेअरचे न्यायाधीशही येतात.

आता हे डेलावेअर कुठून आलं? राज्य एवढंसं, पण फॉर्च्युन ५०० मधल्या निम्म्याहून जास्त कंपन्यांची नोंदणी तिथली. तिथल्या चान्सरी कोर्टात ज्युरी नसते. न्यायाधीशच निकाल देतात आणि त्यामागची कारणं सविस्तर लिहितात. म्हणून ते व्यासपीठावर काही बोलले, की पुढचे करार लिहिणारे वकील कान टवकारतात.

ट्विटरचं उदाहरण घ्या. एप्रिल २०२२ मध्ये मस्कने शेअरमागे ५४.२० डॉलर, म्हणजे एकूण सुमारे ४४ अब्ज डॉलरला कंपनी घ्यायचा करार केला. जुलैमध्ये तो म्हणाला, नको. ट्विटर डेलावेअरच्या कोर्टात गेलं. अनेकांना वाटलं, १ अब्ज डॉलर दंड भरून सुटेल. पण करारात ‘स्पेसिफिक परफॉर्मन्स’चं कलम होतं. म्हणजे ठरावीक अटी पूर्ण झाल्या असतील, तर पैसे देऊन सुटका नाही. सौदा पूर्णच कर, असा आदेश कोर्ट देऊ शकतं. न्यायाधीशांनी खटला ऑक्टोबरमध्येच ठेवला. शेवटी खटला उभा राहण्याआधीच, २७ ऑक्टोबरला सौदा पूर्ण झाला.

शेअरहोल्डरांना पैसे मिळाले. आणि काही दिवसांतच जवळपास निम्म्या लोकांच्या नोकऱ्या गेल्या. भारतातल्यासुद्धा.

इथेच माझा मुद्दा आहे. १९८६ च्या रेव्हलॉन खटल्यापासून डेलावेअरचा नियम असा, की कंपनी रोख पैशात विकायची ठरली, की संचालकांनी शेअरहोल्डरांसाठी चांगल्यात चांगली किंमत मिळवायची. कर्मचाऱ्यांचं हित त्यात वेगळं मोजलं जात नाही. पगार-सुविधा वर्षभर तशाच ठेवू, असं कलम करारात बऱ्याचदा असतं. पण त्यालाच जोडून आणखी एक ओळ असते: या कलमावरून कर्मचाऱ्याला स्वतः दावा करता येणार नाही. म्हणजे तुमच्याबद्दल लिहिलेलं असतं, पण ते तुमच्यासाठी नसतं.

मग आपण काय करायचं? तुमच्याकडे ईसॉप असतील, तर कंपनी विकायची चर्चा सुरू व्हायच्या आधीच एचआरला तीन प्रश्न विचारा.

एक, कंपनी विकली गेली तर माझे अनव्हेस्टेड ऑप्शन्स राहतात, रद्द होतात, की लगेच माझे होतात?

दोन, ‘डबल ट्रिगर’ आहे का? म्हणजे कंपनी विकली गेली आणि त्यानंतर ठरावीक मुदतीत मला काढलं, तर उरलेले ऑप्शन्स मला मिळतात का?

तीन, गुंतवणूकदारांचा ‘लिक्विडेशन प्रेफरन्स’ किती? समजा त्यांनी १०० कोटी घातलेत आणि ते आधी परत घ्यायचा त्यांना हक्क आहे. कंपनी ११० कोटींना विकली, तर उरलेल्या १० कोटींत बाकी सगळे. पेपरात ‘११० कोटींचा सौदा’ छापून येईल, आणि तुमच्या हातात कदाचित एका फोनचे पैसे!

उत्तरं तोंडी घेऊ नका. ईसॉप स्कीम आणि ग्रँट लेटर मागून घ्या आणि शांतपणे वाचा. भाषा किचकट असते, मान्य. पण दुसऱ्याचा कॉमेंट नसलेला कोड आपण वाचतोच ना? तसंच हे. आधी व्याख्या बघायच्या, मग अटी, मग अपवाद. खरा खेळ अपवादांतच असतो.

न्यू ऑर्लिन्सच्या त्या हॉलमध्ये विकणाऱ्याचा वकील असतो, घेणाऱ्याचा असतो. तुमचा नसतो. म्हणून निदान आपला कागद आपण वाचायचा.

चला, पुढच्या भागात भेटूया. आणि हा भाग त्या मित्राला नक्की पाठवा, जो ‘सीटीसीत ईसॉप धरून’ पगार सांगतो!