कुत्र्यामागून धावताना

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापनदिनाला चार शब्द बोला, असे चिटणीसबाईंनी मला कळवले आणि विषय माझ्यावरच सोपवला. मी विषय कळवताच दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. "अहो, 'कुत्र्याबरोबर धावणे' म्हणजे कुत्रे मागे लागल्यावर धावणे ना?" त्यांची शंका रास्त होती. आपल्या सांगलीत बाई आणि कुत्रे दोघेही धावताना दिसली, तर कुत्रे मागे असते. मी सांगणार आहे त्या खेळात कुत्रे पुढे असते आणि बाई त्याला दोरीने बांधलेली असते!

या खेळाला कॅनिक्रॉस म्हणतात. कुत्र्यासाठीचा 'कॅनाइन' आणि रानावनातून धावण्यासाठीचा 'क्रॉस-कंट्री' या दोन शब्दांची ही जोडणी. बर्फावर गाडी ओढणारी कुत्री तुम्ही चित्रांत पाहिली असतील. बर्फ नसते त्या महिन्यांत त्या कुत्र्यांची सवय मोडू नये, म्हणून त्यांचे मालक त्यांच्यामागून पायी धावू लागले. त्यातून हा खेळ वाढला. ती बर्फावरची विद्या केवळ पुरुषांची आहे असे कोणी समजू नये. अलास्कात इडिटारॉड नावाची दीड हजार किलोमीटरांहून लांब पल्ल्याची शर्यत असते. १९८५ साली ती लिबी रिडल्स या बाईने जिंकली. वादळात बाकीचे थांबले असता ती आपली कुत्री घेऊन पुढे निघाली होती. शर्यत जिंकणारी ती पहिली स्त्री.

मी काही अशी शूर नव्हे. इंग्लंडातल्या शेफील्ड शहरी माझे बिऱ्हाड आहे. २०१९ साली मुलगी नोकरीसाठी परगावी गेली आणि जाताना तिचे कुत्रे माझ्या पदरात टाकून गेली. तिने त्याचे काहीतरी लांबलचक इंग्रजी नाव ठेवले होते. मी त्याला मोती म्हणते आणि तो मोतीच झाला आहे. मेंढ्या राखणाऱ्या जातीचा तो. चार फेऱ्यांनी त्याचे भागेना. घरातली एक चप्पल जोडीने राहू दिली नाही त्याने! तेव्हा शेजारची परिचारिका म्हणाली, "रविवारी आमच्याबरोबर चला." त्या वेळी मला चौपन्नावे वर्ष चालू होते आणि शाळा सुटल्यापासून मी बसगाडीमागेसुद्धा धावले नव्हते.

या खेळाला लागते थोडेच. माणसाच्या कमरेला रुंद पट्टा. कुत्र्याला छातीपाठीवरून जाणारा पट्टा, म्हणजे ओढीचा भार छातीवर येतो, गळ्याला फास बसत नाही. दोघांमध्ये सुमारे २ मीटरांची दोरी आणि तिच्यात थोडा रबरी ताण, म्हणजे कुणालाच हिसका बसत नाही. हात मोकळे राहतात. मग सगळे काम तोंडाने. उजवीकडे वळायला 'जी' आणि डावीकडे वळायला 'हॉ' म्हणायचे. हे जुन्या काळच्या गाडीवानांचे आणि नांगरणाऱ्यांचे शब्द. मी पहिल्याने 'उजवीकडे', 'डावीकडे' असे मराठीतून सांगून पाहिले. दोन्ही शब्द सारखेच लांब आणि दोन्हींचा शेवट 'कडे'. मोती मध्येच उभा राहून माझ्या तोंडाकडे पाही. शेवटी 'जी'च बरे ठरले. इतक्या आदराने मी घरात कुणालाही उजवीकडे वळवलेले नाही.

आमच्या गटात तीस-पस्तीस माणसे आणि तितकीच कुत्री आहेत. बस चालवणारे आहेत, शिक्षिका आहेत, खाणीतून निवृत्त झालेले एक आजोबा आहेत. गावाला लागूनच पीक डिस्ट्रिक्ट आहे. १९५१ साली झालेले हे ब्रिटनमधले पहिले राष्ट्रीय उद्यान. तिथल्या माळांवर सामान्य माणसाला पाऊल टाकायची मुभा नव्हती. २४ एप्रिल १९३२ रोजी तरुण कामकरी मुलामुलींनी किंडर स्काउटच्या डोंगरावर मुद्दाम जमावाने चढाई केली आणि त्यांपैकी पाच जणांना तुरुंगवास भोगावा लागला. आज आम्ही ज्या वाटांनी धावतो त्या अशा मिळालेल्या आहेत, म्हणून त्यांचे नियमही आम्ही पाळतो. १ मार्च ते ३१ जुलै हे दिवस जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांचे. त्या काळात मोकळ्या माळावर कुत्रे आखूड दोरीने बांधलेलेच लागते. आम्ही तर ते महिने माळ सोडून रानवाटाच धरतो.

मौज अशी, की गटात माणसांची नावे कुणाला लवकर येत नाहीत. सहा महिने मी 'मोतीची आई' होते. मला ते मुळीच परके वाटले नाही. आपल्या वाड्यात तरी काय, माझी आई 'बेबीची आई' म्हणूनच ओळखली जाई! परदेशात इतकी वर्षे काढली, पण शेजाऱ्यांनी दारावरून हाक मारावी असे नाते मला मिळाले ते या मोतीमुळे.

आता एक प्रसंग सांगते. एकदा आमची वाट शेतातून जात होती आणि तिथे वासरांसह गाई चरत होत्या. वासरू जवळ असले की गाईला कुत्रे म्हणजे लांडगाच वाटतो. दोन-तीन गाई मान खाली घालून आमच्या रोखाने धावून आल्या. अशा वेळी तिकडच्या सरकारी सूचना स्पष्ट आहेत. गुरे मागे लागली तर कुत्र्याला सोडून द्यावे. धर्मराजाने स्वर्गाच्या दाराशीही कुत्र्याला सोडले नाही हे ऐकत आपण वाढलो. पण इथे सोडणे हाच धर्म होता. गुरांचा राग कुत्र्यावर असतो. ते मोकळे झाले की निसटते आणि माणूसही वाचते. मी कमरेचा आकडा ओढला. मोती बाणासारखा सुटला आणि कुंपणापलीकडे जाऊन माझी वाट पाहत बसला. मीही धापा टाकत पोचले. त्या दिवशी कळले, की पट्टा घेताना त्याचा आकडा एका हाताने चटकन सुटतो की नाही हे आधी का पाहतात.

परंतु ज्या गोष्टीसाठी मी आज उभी आहे ती निराळीच.

कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. येतो तो पंजांच्या तळव्यांना थोडासा. बाकीची सगळी उष्णता त्याला धापा टाकूनच बाहेर टाकावी लागते. हवा गरम आणि दमट असली की धापांनी भागत नाही. अंगातला ताप चढत जातो आणि धडधाकट कुत्रे उष्माघाताने दगावते. म्हणून हा खेळ मुख्यतः थंडीचा आणि तोही सकाळचा. कुत्रे पुरते वाढलेले असावे लागते. वर्षाच्या आतले पिल्लू या ओढीला लावत नाहीत. भरल्या पोटीही त्याला पळवत नाहीत, कारण मोठ्या कुत्र्यांच्या पोटाला पीळ पडण्याचे भय असते.

एका जूनमध्ये आम्ही सकाळीच जमलो होतो. हवा कोंदट होती. गट चालवणाऱ्या बाईंनी हवेचा अंदाज घेतला आणि "आज धावणे नाही" असे सांगून टाकले. काही मंडळी तासभर गाडी हाकून आली होती. ती कुरकुरू लागली. एक गृहस्थ म्हणाले, "पण माझे कुत्रे तर तयार आहे. बघा, कसे ओढते आहे!" त्यावर त्या बाई शांतपणे म्हणाल्या, "ते नेहमीच तयार असते. पडेपर्यंत तयार असते. म्हणून तर थांबायचे केव्हा हे आपण ठरवायचे." सगळे गप्प झाले. त्या दिवशी आम्ही ओढ्याकाठी सावलीत बसलो, कुत्र्यांना पाण्यात डुंबू दिले आणि घरी गेलो.

भगिनींनो, हे वाक्य मी घरी घेऊन आले आणि अजून ते माझ्याजवळ आहे. 'नाही' न म्हणणारी माणसे आपल्या प्रत्येक घरात आहेत. प्रत्येक मंडळात आहेत. "मी करते, मला काही त्रास नाही," असे म्हणणारी एक वहिनी किंवा एक मावशी सगळीकडे असते. तिच्या उत्साहाचे आपण कौतुक करतो आणि पुढचे काम तिच्याच पुढ्यात सरकवतो. ती पडली म्हणजे मग म्हणतो, "अगंबाई, बोलली नाही कधी!" आता याच घटकेला मागच्या खोलीत तिघी-चौघी आपल्या सगळ्यांचा चहा करीत आहेत. गेल्या वर्षीही बहुधा त्याच होत्या. त्यांनी माझे भाषण ऐकले नाही, पण खरे तर ते त्यांच्यासाठीच आहे. ज्याला थांबता येत नाही त्याचा दम बरोबरच्याने मोजायचा असतो. आमच्या गटात नवखे कोणी आले, की एक जाणते माणूस आपण होऊन सर्वांच्या मागे राहते. ते शेवटचे माणूस घरी पोचल्याशिवाय कुणी गाडी सुरू करीत नाही.

कोणी विचाराल, हा खेळ आपल्याकडे काढावा का? मी प्रामाणिकपणे सांगते. आपला उन्हाळा कुत्र्याला मानवणारा नाही. मार्गशीर्ष-पौषात, पहाटे, सूर्य वर यायच्या आत मैल-दीड मैल जमेल. तेवढ्यासाठीही आधी रेबीजची लस टोचून घ्यावी, गळपट्ट्याला दोरी बांधून ओढू नये, आणि रस्त्यावरची कुत्री कुठे बसतात ती वाट टाळावी. घरात कुत्रे नसेल तर केवळ या हौसेपायी आणू नये. दोघी-तिघींनी मिळून नुसते चालायला निघालात तरी पुष्कळ झाले.

कुत्रे नसले तरी त्या बाईंचा नियम मात्र आपल्याला पाळता येईल. पुढच्या वर्धापनदिनाला चहाची पाळी लावा. यंदा ज्या आत आहेत त्यांना पहिल्या रांगेत बसवा. माझे नाव त्या पाळीत पहिले लिहून घ्या. हिवाळ्यात मी येथेच असते.