महालातल्या टाऊन हॉलपासून

विधानसभेत जायला वयाची पंचविशी पूर्ण व्हावी लागते, नगरसेवक व्हायला मात्र एकविशी पुरते. नागपुरात 1992 साली रामनगर प्रभागातून देवेंद्र फडणवीस महापालिकेवर निवडून गेले, ते विशीच्या सुरुवातीलाच. वडील गंगाधरराव विधान परिषदेचे आमदार राहिलेले, काकू शोभाताई राजकारणात; तेव्हा पाटी अगदीच कोरी नव्हती, हेही सांगायला हवं.

पण नगरसेवकाला घराणं सुटका देत नाही. सकाळी सातला दारात माणूस उभा: गटार तुंबलं, टँकर आला नाही, खांबावरचा दिवा गेला. मग महापालिकेच्या, महाल भागातल्या टाऊन हॉलच्या सभेत तोच प्रश्न लावून धरायचा. 1997 मध्ये, सत्ताविसाव्या वर्षी, ते महापौर झाले. गंमत अशी, की आपल्याकडे महापौर सभेचं अध्यक्षस्थान भूषवतो, प्रशासनाच्या किल्ल्या आयुक्तांकडे असतात. अर्थसंकल्प वाचायची सवय बहुधा इथेच लागते.

1999 साली ते आमदार झाले, 2014 मध्ये मुख्यमंत्री. ही वाट मुंबईला थांबते असंही नाही. मनोहर जोशी मुंबईचे नगरसेवक, महापौर, मुख्यमंत्री होऊन 2002 मध्ये लोकसभेचे अध्यक्ष झाले. पुण्याचे मुरलीधर मोहोळ 2019 मध्ये महापौर होते. 2024 मध्ये ते खासदार झाले आणि लगेच केंद्रात सहकार व नागरी हवाई वाहतूक खात्यांचे राज्यमंत्री.