भाताच्या करप्यावर मित्र जिवाणूंचा पहारा



आभाळ चार-आठ दिवस दाटलेले, पहाटे दव पडलेले, त्यात युरिया जास्त झालेला, की भातावर करपा आलाच म्हणून समजा. पानावर दोन्ही टोकांना निमुळता, मध्ये राखाडी व कडेने तपकिरी ठिपका दिसतो. ही बुरशी पुढे लोंबीच्या मानेवर आली, की मान काळी पडून मोडते, दाणे पोचट राहतात. मग धावपळ करून काय उपयोग?

म्हणून पहारा आधी बसवावा. स्युडोमोनास फ्लुरोसन्स नावाचा जिवाणू हे काम करतो. तो मुळांवर व पानांवर वस्ती करतो, बुरशीला लागणारे लोह स्वतः ओढून घेतो, तिला मारक द्रव्ये सोडतो आणि रोपाची प्रतिकारशक्तीही जागी करतो.

कोईमतूरच्या तामिळनाडू कृषी विद्यापीठाने त्याची भुकटी अशी वापरायला सांगितली आहे :

1. एक किलो बियाण्यास 10 ग्रॅम भुकटी एक लिटर पाण्यात कालवून बी रात्रभर भिजवावे. पाणी निथळून, मोड आणून पेरावे.

2. लावणीच्या वेळी हेक्टरी अडीच किलो भुकटी पाण्यात कालवून रोपांची मुळे अर्धा तास बुडवावीत.

3. लावणीनंतर 30 दिवसांनी अडीच किलो भुकटी 50 किलो कुजलेल्या शेणखतात मिसळून हेक्टरभर टाकावी.

4. 45 दिवसांपासून दहा-दहा दिवसांनी तीन फवारण्या कराव्यात. 10 लिटर पाण्याला 20 ग्रॅम पुरे. फवारणी संध्याकाळी करावी, उन्हात जिवाणू मरतात.

आता तुम्ही म्हणाल, "वाया तर जाणार नाही ना?" जिवाणू जिवंत आहेत, हे विसरलात तर जाईल. पुडक्यावरची मुदत पाहूनच घ्या. पुडके पत्र्याखाली तापू देऊ नका, सावलीत ठेवा. ताम्रयुक्त औषध किंवा स्ट्रेप्टोमायसीन त्यात कालवू नका, मित्रच मरतील.

आणि एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. हा राखणदार आहे, वैद्य नव्हे. रोग भडकलाच, तर जिवाणूंच्या भरवशावर थांबू नका. करपलेली पाने घेऊन कृषी विज्ञान केंद्रात जा व योग्य बुरशीनाशक विचारा. पण युरिया हप्त्याहप्त्याने दिलात, करप्याला दाद न देणारी जात निवडलीत आणि पहारा वेळेवर बसवलात, तर ती पाळी क्वचितच येईल.

यंदा निदान एका खाचरात करून पाहा, शेजारचे खाचर तसेच ठेवा, आणि लोंब्या ताडून पाहा.